गंजातून घडलेलं लोहचुंबक



आज आपण अशा एका वस्तूचा इतिहास ऐकणार आहोत, जी तुमच्या प्रत्येकीच्या घरात आहे आणि जिच्याकडे आपण कधी निरखून पाहत नाही. आत्ता आमचा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचतोय, तोही तिच्यामुळेच. ती वस्तू म्हणजे रेडिओच्या स्पीकरमागचं काळं, जड कडं. पोरं मोडक्या रेडिओतून ते काढतात आणि दोरीला बांधून मातीत फिरवतात. आपण म्हणतो, "लोहचुंबक आहे, दुसरं काय!" पण ते लोखंडाचं नाही. ते भाजलेल्या भांड्यासारखं आहे, हातातून फरशीवर पडलं तर कपासारखं फुटतं. आणि ते घडलेलं आहे गंजापासून.

याला फेराइट चुंबक म्हणतात, सिरॅमिक चुंबकही म्हणतात. सिरॅमिक म्हणजे भट्टीत भाजून पक्कं केलेलं, आपल्या कुंभाराच्या कामाच्या जातीतलं. आज जगात जेवढी कायमची चुंबकं बनतात, त्यांत वजनाने सगळ्यात जास्त हीच आहेत. तरी यांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. महागाच्या वस्तूंचे इतिहास लिहिले जातात, स्वस्ताचे राहून जातात. म्हणून आज आम्ही तो सांगायचं ठरवलं. त्यामागे आणखी एक कारण आहे. चुंबकाच्या नावावर आपल्या बायकांच्या गाठीचे पैसे जातात. ते का आणि कसे, हे शेवटाकडे बोलूच.

आपल्या मातीतलं फेराइट

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. लोणारचं सरोवर तुम्ही पाहिलं असेल. आकाशातून आलेला दगड काळ्या बेसाल्ट खडकावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर तयार झालं. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते उल्कापातानेच झालं, याचे खडकातले पक्के पुरावे १९७३ साली शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडले. विवराच्या जवळ अंबर तळं आहे, त्याच्या काठी मोठ्या मारुतीचं देऊळ आहे. ती मूर्ती चुंबकी दगडाची आहे, असं लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत.

मूर्तीची श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी. पण दगडाबद्दल एक गोष्ट खरी आहे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे बारीक काळे कण असतात आणि ते कण चुंबकाला चिकटतात. घरी करून पाहता येतं. नदीच्या पात्रातल्या किंवा ओढ्याकाठच्या कोरड्या रेतीत चुंबक फिरवा, त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. ते लोखंडाचा चुरा नाहीत, आपल्या खडकाचेच कण आहेत. मॅग्नेटाइट म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचं संयुग. विज्ञानाच्या भाषेत तेच निसर्गातलं फेराइट. म्हणजे कारखान्यात फेराइट बनायच्या फार आधी ते आपल्या वावरात पडलेलं होतं.

या कणांनी एक मोठं काम केलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा उसळला, थर पसरले आणि थंड झाले. थंड होताना त्यातल्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरून ठेवली. १९५०च्या दशकात लंडनच्या शास्त्रज्ञांनी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांत ती दिशा मोजली. त्यातून दिसलं की हा लाव्हा पसरला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि नंतर सरकत सरकत उत्तरेला आली. आपण ज्या दगडांचे बांध घालतो, त्यांत हा प्रवास लिहिलेला आहे.

निसर्गातलं चुंबक माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. संस्कृतात त्याला 'अयस्कांत' म्हणत, म्हणजे लोखंडाला प्रिय असलेला. सुश्रुतसंहितेत शरीरात घुसलेलं लोखंडी शल्य अयस्कांताने ओढून काढण्याचा उपाय दिला आहे. त्याला अटही घातली आहे. शल्य सैल असावं, त्याला काटे नसावेत आणि जखमेचं तोंड मोठं असावं. पुढचंही बोलणं कळावं म्हणून ही अट ध्यानात ठेवा. चुंबक काय करू शकतं आणि काय नाही, याची मर्यादा त्या जुन्या वैद्यांनी आधीच आखून ठेवली होती.

महागडं चुंबक आणि बिनविजेचं गाव

आता रेडिओकडे येऊ. स्पीकर चालतो कसा? कागदाच्या शंकूला तारेचं एक छोटं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या खाचेत बसतं. आवाजाची वीज तारेतून गेली की वेटोळं मागेपुढे थरथरतं, त्याच्याबरोबर कागद थरथरतो, कागद हवा हलवतो, आणि हवेतली ती थरथर आपल्या कानापर्यंत येते. चुंबक काढून टाकलं तर वीज कितीही सोडा, स्पीकर मुका.

शंभर वर्षांपूर्वीच्या रेडिओत बळकट कायमचं चुंबक स्वस्तात मिळत नसे. म्हणून पुष्कळ स्पीकरांत वीजचुंबक बसवत. त्याला सतत वीज लागे. शहरात ते चाले. ज्या गावात वीजच नाही, बॅटरीवर रेडिओ लावायचा, तिथे हा खर्च परवडणार कसा?

जपानमध्ये १९१७ साली कोतारो होंडा यांनी कोबाल्ट घातलेलं चुंबकी पोलाद बनवलं. १९३१ साली मिशिमा या शास्त्रज्ञाने निकेल आणि अॅल्युमिनियम घातलेलं त्याहून बळकट चुंबक केलं. त्याच वाटेने पुढे अल्निको आलं. अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट या तीन नावांची अक्षरं घेऊन हे नाव झालं. अल्निकोमुळे विजेशिवाय चालणारं चुंबक स्पीकरला मिळालं, पण निकेल आणि कोबाल्ट दोन्ही महाग.

आपल्याकडे रेडिओ तेव्हा चैनीची वस्तू होती. तो घरी ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता, ते चावडीत, शाळेत, नाहीतर एखाद्या मोठ्या वाड्याच्या ओट्यावर बसून ऐकत. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोतृमंडळं स्थापन केली. आठवड्यातून दोनदा शेतीचा नि गावाचा कार्यक्रम लागे, लोक एकत्र बसून ऐकत, चर्चा करत आणि प्रश्न लिहून केंद्राला पाठवत. आपला बुलढाणा त्यात नव्हता. त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो आणि आपल्याकडे आवाज यायचा तो १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर केंद्राचा. पण आपण आज गट करून रेडिओ ऐकतो, त्याची एक मुळी त्या प्रयोगात आहे. आणि त्यातून एक गोष्ट उघड झाली होती, की गावाला रेडिओ हवा आहे. अडचण होती ती किमतीची.

हुकलेल्या नमुन्याची गोष्ट

ही अडचण सोडवायला दोन देशांतल्या प्रयोगशाळांचा हातभार लागला.

पहिला देश जपान. तोक्योच्या तंत्रसंस्थेत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई या दोघांनी १९३० साली लोखंडाच्या गंजासारख्या संयुगांपासून चुंबकी पदार्थ बनवला. १९३५ साली त्यावर टीडीके नावाची कंपनी उभी राहिली. हे फेराइट दोन स्वभावांचं असतं. एक 'मऊ', म्हणजे क्षणात चुंबक होणारं आणि क्षणात सोडून देणारं. जुन्या ट्रान्झिस्टरच्या पेटीत काळी दांडी असायची, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. ती या मऊ फेराइटची. मीडियम वेव्हच्या लहरी पकडायचं काम तिचं. दुसरं 'कडक', म्हणजे एकदा चुंबक झालं की तसंच राहणारं. स्पीकरचं कडं ते हे. मऊ आणि कडक हे शब्द इथे चुंबकपणाबद्दल आहेत. हाताला दोन्ही सारखीच टणक लागतात.

दुसरा देश नेदरलँड्स. तिथल्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५०च्या सुमाराला एका मदतनिसाला लँथनम घातलेला एक नमुना बनवायला सांगितला होता. तो नमुना हुकला आणि हातात भलताच पदार्थ आला, असं सांगतात. कोणी तो फेकून दिला नाही. तपासून पाहिला, तर ते बेरियम आणि लोखंडाचं संयुग निघालं, आणि एकदा चुंबक झाल्यावर ते चुंबकपण सोडायला तयार नव्हतं. १९५२ पासून ते 'फेरॉक्सड्यूर' नावाने बाजारात आलं. त्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही. लोखंडाचा गंज आणि बेरियमचं पांढरं चूर्ण, एवढ्यावर काम झालं.

ते इतकं चिवट कसं? याचं उत्तर फ्रान्सच्या लुई नील यांनी १९४८ साली मांडलेल्या विचारात आहे. त्यांना १९७० साली नोबेल मिळालं. सोप्या भाषेत सांगतो. या पदार्थाच्या एका घटकात लोखंडाचे बारा अणू असतात आणि प्रत्येक अणू स्वतः एक इवलंसं चुंबक असतो. आपल्या गटात बारा जणी रस्सी ओढताहेत असं समजा. आठ जणी एकीकडे, चार जणी दुसरीकडे. ओढाताण होऊन शेवटी चौघींचा जोर आठांच्या बाजूला शिल्लक राहतो. फेराइटचं बळ म्हणजे तो शिल्लक जोर. म्हणूनच ते फार ताकदवान नसतं. पण घटकाची रचना अशी घट्ट असते, की ही दिशा सहजी उलटत नाही.

कुंभाराच्या वाटेने

ते बनतं कसं, हे ऐकलं की तुम्हाला आपला कुंभारवाडा आठवेल. तांबडी लोखंडाची भुकटी घ्यायची. पोलादाच्या कारखान्यात पत्रा आम्लात धुतात, त्या धुवणातून ही भुकटी पुष्कळ मिळते. म्हणजे एकाचा टाकाऊ माल तो दुसऱ्याचा कच्चा माल. त्यात बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमचं चूर्ण मिसळायचं. बेरियम ज्या खनिजातून मिळतं त्या बराइटची मोठी खाण आंध्रात मंगमपेट इथे आहे. मिश्रण बाराशे अंशांच्या पुढे भाजायचं, मग केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक दळायचं, साच्यात दाबायचं आणि पुन्हा भाजायचं. भाजताना कच्च्या मडक्यासारखं ते आकसतं. मग हिऱ्याच्या कणांच्या चाकाने घासून नेमक्या मापाला आणायचं. इथपर्यंत ते निव्वळ काळं खापर असतं. शेवटी क्षणभर जबरदस्त वीजप्रवाहाचा झटका देऊन त्यात चुंबकपण भरतात.

यातही प्रकार आहेत. कडब्याची ताटं अंगणात कशीही पसरली, तर शेंडे चहूकडे असतात. पेंढी बांधली की सगळे शेंडे एकीकडे. चुंबकाचे कण कसेही दाबले तर पहिला प्रकार होतो. तो स्वस्त आणि कमजोर, खेळण्यांना पुरेसा. साच्यात दाबतानाच बाहेरून चुंबक लावून कणांची पेंढी केली, तर दुसरा प्रकार होतो. तो बळकट, स्पीकरला आणि मोटारीला लागतो. तिसऱ्या प्रकारात भाजलेली भुकटी रबरात किंवा प्लॅस्टिकमध्ये मळतात. फ्रिजच्या दाराची वाकणारी पट्टी ती हीच. आणि १९६०च्या दशकात बेरियमच्या जागी स्ट्रॉन्शियम घालून आणखी चिवट जात निघाली. आज कारखान्यांतून जास्त करून तीच बनते.

या चुंबकाचे गुण तीन. ते गंजत नाही, कारण गंजालाच पुन्हा गंज काय चढणार? ते उन्हाला, पाण्याला भीत नाही. त्याचं चुंबकपण साफ जायला साडेचारशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. आणि ते स्वस्त आहे. दोष दोन. ते ठिसूळ आहे, आणि आजच्या निओडिमियम चुंबकाच्या मानाने त्याचा जोर साधारण दहावा हिस्सा. म्हणून बारीक मोबाइलमध्ये निओडिमियम लागतं, आणि घरच्या मोठ्या स्पीकरला फेराइट पुरतं.

काँगोतल्या लढाईचा आपल्या रेडिओवर परिणाम

फेराइट निघालं तरी चांगल्या स्पीकरांत अल्निको वापरणारे पुष्कळ होते. मग १९७८ साली आफ्रिकेतल्या झैरे देशात, म्हणजे आजच्या काँगोत, शाबा प्रांतात लढाई पेटली. जगाच्या कोबाल्टचा मोठा वाटा तिथल्या खाणींतून येत असे. खाणींचं काम विस्कळलं आणि कोबाल्टच्या किमती काही पटींनी वाढल्या. स्पीकर बनवणारे धडाधड फेराइटकडे वळले, ते पुन्हा फारसे परतले नाहीत. दूर देशातली एक लढाई, आणि आपल्या रेडिओच्या पाठीवर काळं कडं आलं.

आपल्या देशातही हे ज्ञान वाढत होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत फेराइटवर काम झालं. १९७४ साली साहिबाबादला सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिच्या मालात फेराइट होतं. महाराष्ट्रात पुण्याजवळ भोसरीला महिंद्रा हिनोडेच्या कारखान्यात फेराइट चुंबकं बनू लागली, ती गाड्यांच्या छोट्या मोटारींत बसतात.

ट्रान्झिस्टर स्वस्त झाला. त्यामागे चुंबक हे एकच कारण नव्हतं, पण त्याचा वाटा होता. रेडिओ वाड्यातून झोपडीत आला, ओट्यावरून चुलीजवळ आला, निंदणाला जाताना बांधावर टांगला गेला. पुरुषांच्या बैठकीत उभं राहून ऐकायची वेळ गेली. बाईला स्वतःच्या कामाच्या जागी बातमी, औषधपाणी, बाजारभाव ऐकू येऊ लागला. पुढे टेपरेकॉर्डर आला. कॅसेटची तपकिरी फीतही लोखंडाच्या गंजाचीच, आणि तिच्यावर आपल्या भजनी मंडळांचे आवाज पहिल्यांदा साठवले गेले. २००६ साली केंद्र सरकारने सामाजिक संस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र चालवायची परवानगी दिली. २००८ साली सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली, आणि त्याच वर्षी तेलंगणात जहीराबादजवळ दलित बायकांचं संगम रेडिओ. ऐकणाऱ्या बाया बोलणाऱ्या झाल्या.

आज फेराइट आपल्या घरात कुठे कुठे आहे ते मोजा. फवारणीच्या बॅटरी पंपाच्या मोटारीत, गाडीच्या काच पुसायच्या मोटारीत, कमी विजेवर चालणाऱ्या नव्या पंख्यात, देवळाच्या भोंग्यात, कपाटाच्या दारात, फ्रिजच्या पट्टीत. बऱ्याच एटीएम कार्डांच्या मागे जी काळी पट्टी असते, तिच्यातही बेरियम फेराइटचीच भुकटी असते. २०२५च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ धातूंच्या बळकट चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि आपल्याकडचे गाड्यांचे कारखाने अडचणीत आले. तेव्हा पुन्हा लोक विचारू लागले, गंजाच्या चुंबकावर काम भागेल का? म्हणजे या वस्तूचा इतिहास अजून चालूच आहे.

चुंबकाची साक्ष

आता आपल्या कामाचं बोलू.

ज्या गटांचा मसाल्याचा, तिखटाचा, हळदीचा धंदा आहे, त्यांच्यासाठी हे चुंबक सोबती आहे. दळताना यंत्राचं लोखंड झिजतं आणि त्याचा कीस मालात येतो. मोठ्या कारखान्यांत माल चुंबकाच्या जाळीवरून नेतात. आपणही दळण्याआधी आणि दळल्यावर चुंबक फिरवू शकतो. रीत अशी: चुंबक स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. तिखट कोरड्या ताटलीत पातळ पसरा आणि पिशवी त्याच्यावरून हळू फिरवा. चिकटलेलं झटकायचं असेल तर कागदावर पिशवी धरून आतलं चुंबक काढा, कण आपोआप पडतील. चहाची पत्तीही अशीच तपासता येते. चहात लोखंडाच्या किसाची मर्यादा सरकारने किलोला २५० मिलिग्रॅम, म्हणजे पाव ग्रॅम ठरवली आहे.

पण काळं काही चिकटलं, की लगेच दुकानदाराला चोर म्हणू नका. आपण मिरची, हळद कुठे वाळवतो? जमिनीवर. आणि आपल्या जमिनीत मॅग्नेटाइट आहे हे आपण आत्ताच ऐकलं. चिकटलेले कण मातकट काळे, धुळीसारखे असतील तर ती आपल्याच अंगणाची माती असू शकते. चकचकीत, टोकदार, कातल्यासारखे असतील तर यंत्र तपासा. दोन्हीवर उपाय वेगळा. मातीसाठी ताडपत्री, किसासाठी यंत्राची दुरुस्ती.

चुंबकाची साक्ष नेहमी अर्धी असते. दागिन्याला चुंबक चिकटलं तर त्यात लोखंडासारखं काही आहे, एवढं खरं. पण चिकटलं नाही म्हणजे सोनं खरं, असं नाही. पितळ, तांबं, चांदी यांनाही चुंबक चिकटत नाही. सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक पाहा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो हवाच. भांडेवाला म्हणतो, "बघा ताई, चुंबक चिकटत नाही, म्हणजे एक नंबर स्टील." तेही अर्धंच. निकेल कमी घालून मँगनीज जास्त घातलेल्या हलक्या स्टीललाही चुंबक धड चिकटत नाही.

गोठ्यातही चुंबकाचं काम आहे. चरताना गाय-म्हैस खिळा, तार गिळते. ती जाळीदार पोटात अडकते आणि टोचत टोचत काळजापर्यंत जाऊ शकते. परदेशात १९५०च्या दशकापासून जनावराच्या पोटात गुळगुळीत चुंबक सोडायची पद्धत आहे. लोखंड त्याला चिकटून राहतं, टोचत नाही. हे काम पशुवैद्यकाने करायचं, आपण स्पीकरचा तुकडा गिळवायचा नाही. आपल्या हातात आहे ते म्हणजे कडबा बांधायची तार गव्हाणीत पडू न देणं.

आणि घरातलं लेकरू. एकाहून जास्त चुंबकं पोटात गेली, की ती आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं चिमटून त्याला भोक पडू शकतं. खेळण्यातली छोटी चमकदार चुंबकं तर फारच जोरकस. शंका आली तरी थांबायचं नाही, केळी खाऊ घालत बसायचं नाही, थेट दवाखाना.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चुंबकाची गादी, चुंबकाचा पट्टा, चुंबकाची बांगडी. गावोगावी सभा होतात. सांगतात, रक्तात लोह आहे, चुंबक ते ओढतं, रक्त फिरतं, साखर जाते, गुडघे बरे होतात. गादी हजारोंच्या किमतीची. आधी तुम्ही घ्या, मग आणखी चार जणींना घ्यायला लावा, तुम्हाला कमिशन. गटातून कर्ज काढून घेतलेल्या अशा गाद्या आम्ही पाहिल्या आहेत. हप्ते चालू असतात, गुडघा तसाच असतो, आणि ज्या चौघींना घ्यायला लावलं त्यांच्याशी बोलणं बंद झालेलं असतं. नुकसान पैशाचं होतं आणि नात्याचंही.

खरं काय? रक्तातलं लोह खिळ्यासारखं सुटं नसतं. ते हिमोग्लोबिनात गुंफलेलं असतं आणि चुंबक त्याला किसासारखं ओढत नाही. साधा विचार करा. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्राचं चुंबक बहुतेकदा दीड टेस्लाचं असतं, फेराइटच्या तुकड्याच्या अंगाशी जेवढा जोर असतो त्याच्या दहापट किंवा त्याहून जास्त. माणूस त्यात अर्धा तास झोपतो. मधुमेह बरा होऊन त्यातून कोणी उठलेलं नाही. २००७ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात अशा चाचण्यांचा एकत्र आढावा छापला गेला. वेदना घालवायला चुंबक वापरण्याला पुरावा आधार देत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि मधुमेह, रक्तदाब, वांझपण, गर्भाशयाचे विकार अशा आजारांवर खात्रीच्या इलाजाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

रक्तातल्या लोहाची काळजी तर आपल्याला खरीच करायची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्यातल्या दर दोघींमागे एकीला तरी. त्यावरचं लोह गादीत नाही. ते उपकेंद्रात फुकट मिळणाऱ्या गोळीत आहे, बाजरीच्या भाकरीत आहे, अंबाडीच्या नि राजगिऱ्याच्या भाजीत आहे, वर लिंबू पिळून खाल्लेल्या घासात आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत दोन गोष्टी करा. भंगारवाल्याकडून एक जुन्या स्पीकरचं चुंबक आणा, ते स्वच्छ करून पिशवीत घाला आणि गटाच्या पेटीत हिशोबाच्या वहीशेजारी ठेवा. मसाला दळला की वापरा. आणि दुसरं, गटात कोणी गादी-पट्ट्यासाठी कर्ज मागितलं, तर तिला हिणवू नका. तिचा गुडघा खरोखर दुखत असतो. तिला आधी सरकारी दवाखान्यात घेऊन जा, सोबत एक जण जा. कोणी फसली असेल तर ग्राहक मदतवाणीचा १९१५ हा क्रमांक लावा आणि पावती जपून ठेवा.

तुमच्या तिखटाला काय चिकटलं, माती की कीस, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात त्या पत्रांवर बोलू.

नमस्कार.